दिसायला एक्सेल, आतून डेटाबेस

विंचूर हे लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार. कांद्याच्या लिलावात प्रत्येक वाहनामागे शेतकऱ्याचं नाव, व्यापारी, भाव, वजन अशी नोंद लागते. समजा, ही नोंद घ्यायला तुम्हाला कॉम्प्युटरवर फॉर्म बनवायचा आहे. कसा बनवाल?

डेटाबेस नव्याने शिकलेला माणूस एका वेळी एकच नोंद दाखवणारा फॉर्म बनवतो. ऑपरेटरला मात्र एक्सेलसारखा तक्ता हवा असतो, आणि त्याचं बरोबरच आहे. तक्त्यात नजर रकान्यातून सरळ खाली उतरते. पाच ओळींत भाव 1800 च्या आसपास आणि सहाव्या ओळीत 18000 दिसला, की तो लगेच खटकतो.

मग थेट एक्सेलच का नको? एक म्हणजे, एक्सेलमध्ये ओळ ही फक्त शेजारी शेजारी बसलेल्या सेलची रांग असते. नुसता भावाचा रकाना सॉर्ट केला, आणि एक्सेलने विचारल्यावर घाईत चुकीचा पर्याय निवडला, तर भाव हलतात आणि नावं जागेवरच राहतात. म्हणजे एकाच्या कांद्याचा भाव दुसऱ्याच्या नावावर!

दुसरं म्हणजे, एक्सेल स्वतःच अंदाज बांधतं. गट नंबर 12/3 टाका, त्याची 12 मार्च तारीख होते. जीवशास्त्रात 'सेप्ट-2' या जनुकाचं असंच 2 सप्टेंबर व्हायचं. शेवटी 2020 मध्ये मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने अशा जनुकांची नावंच बदलल्याचं जाहीर केलं.

म्हणून रूप तक्त्याचं ठेवायचं आणि नियम डेटाबेसचे. ॲक्सेसमध्ये यासाठी 'डेटाशीट' आणि 'कंटिन्युअस फॉर्म' असे प्रकार आहेत. इथे पूर्ण ओळ ही एकच नोंद असते. कशीही सॉर्ट करा, ती फुटत नाही. गट नंबरचा रकाना 'मजकूर' म्हणून आधीच ठरवून टाका. व्यापाऱ्याचं नाव टाइप करायला लावू नका, यादीतून निवडू द्या. रक्कम भाव आणि वजनावरून आपोआप निघू द्या.

एकाच शेतकऱ्याची तीन वाहनं आली तर? त्याचं नाव तीनदा का लिहायचं? वर शेतकऱ्याची माहिती, खाली त्याच्या वाहनांचा छोटा तक्ता. याला 'सबफॉर्म' म्हणतात. ही रचना आपल्याला नवी नाही. सातबारा आठवा: वर गाव नमुना 7 मध्ये जमीन आणि मालकी, खाली नमुना 12 मध्ये हंगामवार पिकांच्या ओळी.

शेवटी एक काळजी घ्या. रकाने इतके वाढवू नका, की उजवीकडे सरकताना शेतकऱ्याचं नाव पडद्याबाहेर जाईल. जास्त रकाने लागणारच असतील, तर नावाचा रकाना डावीकडे कायम दिसेल असा ठेवा. वजन कुणाच्या नावापुढे टाकतोय हे ऑपरेटरला दिसलंच पाहिजे, कारण त्या ओळीवरूनच कुणाच्या तरी कांद्याचे पैसे ठरणार आहेत.