जुना ट्रक सुरू होत नाही? आधी धूर पाहा

विसर्जनाला मंडळाचा जुना ट्रक अडला की आम्ही सारे धक्का मारायला धावतो. जरा थांबावे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत डिझेल पेटते. म्हणून सेल्फ मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि अर्थिंग पाहावे. सेल्फ जोरात फिरूनही सायलेन्सरमधून धूर येत नसेल, तर डिझेल पोहोचत नाही. हँडपंप मारून एअर काढली की सुरू होतो आणि रात्रभर उभा राहिला की पुन्हा अडतो? मग टाकीपासून फीड पंपापर्यंतचे पाइप, वॉशर तपासावेत. पांढरा धूर म्हणजे डिझेल येते, पण जळत नाही. नोझल, टायमिंग, कॉम्प्रेशन मेस्त्रीकडून पाहून घ्यावे. एअर क्लीनरपाशी पेटता बोळा मात्र कधीही धरू नये. भोवती मुले असतात. यंदा ही तपासणी आठवडाभर आधीच करूया.