गंगेची पाणीपाळी : दोन देशांचे पाळीपत्रक



पाळी लांबली की ऊस मान टाकतो आणि टेलचा शेतकरी वरच्याच्या नावाने बोटे मोडतो. हे भांडण चारीवर होते, तसेच देशादेशांतही होते.

राज्याराज्यांत तंटा झाला तर १९५६ च्या कायद्याने लवाद नेमता येतो. कृष्णेचे पाणी बच्छावत लवादाने असेच वाटले. दोन देशांवर मात्र असा कुणी वरिष्ठ नाही. तिथे आपसातला करार हाच कायदा. त्यामागे दोन तत्त्वे मानली जातात : पाण्याचा वापर न्याय्य व वाजवी असावा आणि शेजाऱ्याचे मोठे नुकसान होऊ नये. संयुक्त राष्ट्रांनी १९९७ साली हीच तत्त्वे लेखी केली. त्या मतदानात भारत तटस्थ राहिला.

आता गंगेचे पाहू. हुगळीतला गाळ वाहून जावा, कलकत्ता बंदर चालावे म्हणून १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला. खाली बांगलादेशाची तक्रार, की उन्हाळ्यात नदी आटते आणि खुलन्याकडे समुद्राचे खारे पाणी आत सरकते. अखेर १२ डिसेंबर १९९६ रोजी देवेगौडा व शेख हसीना यांनी तीस वर्षांच्या करारावर सह्या केल्या.

वाटप १ जानेवारी ते ३१ मे, दहा-दहा दिवसांच्या हिशेबाने. फराक्क्याला ७० हजार क्युसेक वा कमी आले तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशाला ३५ हजार, उरलेले भारताला. त्याहून जास्त असेल तर भारताला ४० हजार, बाकी खाली. ऐन टंचाईत, ११ मार्च ते १० मे, दोघांना आळीपाळीने दहा दिवसांच्या तीन-तीन पाळ्या ३५ हजारांच्या हमीने. आपल्या पाळीपत्रकाहून हे काय वेगळे? मोजणीला दोन्हीकडची माणसे असतात, म्हणजे पाटकऱ्यावर संशय नको.

पण ५० हजारांच्या खाली पाणी गेले तर? तेव्हा दोघांनी तातडीने बसून ठरवायचे, एवढेच लिहिले आहे. खरी मेख इथेच आहे. शिवाय मोजणी फराक्क्यावर होते. त्याच्या कितीतरी वर उत्तर प्रदेशातले आपले ऊसकरी बंधू गंगेच्या कालव्यावर ऊस भिजवतात. वर उपसा वाढला की वाटायलाच कमी उरते. फराक्क्याला येणारा प्रवाह टिकवण्यासाठी वरच्या देशाने सर्व प्रयत्न करावेत असे करारात आहे, पण प्रयत्न म्हणजे हमी नव्हे.

या कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची. नवी बोलणी करताना वरच्याची गरज आणि टेलचे हाल दोन्ही तराजूत घालावे लागतात.

आम्हाला यातून एवढेच दिसते, की नुसत्या तत्त्वावर पाणी वाटले जात नाही. त्याला मोजमाप लागते, तारीखवार पाळी लागते, आणि तुटीच्या वर्षी काय करायचे हे आधी लिहून ठेवावे लागते. आपल्या पाणीवापर संस्थांनीही हे तिसरे कलम पाणी भरपूर असतानाच ठरवावे. चाऱ्या कोरड्या पडल्यावर कुणी कुणाचे ऐकत नाही.

— ऊस विकास अधिकारी