दोघांचे निवृत्तिवेतन

सरकारी नोकराच्या निवृत्तीला वर्ष-सहा महिने उरले, की कचेरीतून कागदांचा एक गठ्ठा त्याच्या हाती पडतो. त्यातील एका कागदासोबत पतिपत्नींनी एकत्र काढलेले छायाचित्र जोडावे लागते. पुष्कळ घरांत पत्नीचा या प्रकरणाशी येणारा संबंध तेवढाच. आकडे पती भरतो, सह्या तोच करतो, आणि निवृत्तिवेतनाचा किती भाग विकावयाचा हा सर्वांत मोलाचा रकाना शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्याने जो आकडा लिहिला तोच लिहून भरून टाकतो. ज्या निर्णयाचे फळ दोन आयुष्यांना भोगावयाचे, तो असा उभ्या उभ्या होतो.

लोकांच्या बोलण्यात ज्याला ‘पेन्शन विकणे’ म्हणतात, त्याचे सरकारी नाव अंशराशीकरण. केंद्र सरकारच्या सेवेत 1 जानेवारी 2004 पूर्वी रुजू झालेल्या मुलकी नोकरांपैकी जे आज निवृत्त होत आहेत, त्यांच्यापुढे हा प्रश्न उभा राहतो. नियम असा, की निवृत्तिवेतनाचा जास्तीत जास्त 40 टक्के भाग सरकारला देऊन त्याबद्दल एकरकमी पैसा घेता येतो. पंधरा वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. ही परतफेड पूर्वी नव्हती. एकदा विकलेले ते जन्माचे विकलेले, अशी स्थिती होती. निवृत्तांच्या बाजूने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1986 साली पंधरा वर्षांची मर्यादा पक्की झाली.

आता एक हिशेब मांडून पाहावा. अखेरचे मूळ वेतन 60,000 रुपये होते असे धरू. निवृत्तिवेतन त्याच्या निम्मे, म्हणजे 30,000. त्यातील 40 टक्के, म्हणजे दरमहा 12,000 विकले. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याचा पुढचा वाढदिवस एकसष्टावा. त्या वयासाठी कोष्टकात 8.194 हा गुणक आहे. वर्षाच्या 1,44,000 रुपयांना त्याने गुणले, की 11,79,936 रुपये हाती येतात. दरमहा 18,000 मिळू लागतात. महागाईची वाढ मात्र पूर्ण 30,000 वरच मोजली जाते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

पंधरा वर्षांत या रकमेपोटी 21,60,000 रुपये कापले जातात. कर्ज म्हणून पाहिले तर व्याजाचा दर सालिना सुमारे नऊ टक्के पडतो. विकून आलेली रक्कम बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवून त्याहून कमी व्याज घेणारा मनुष्य, पंधरा वर्षे जगला, तर तोट्यात राहतो. एवढ्यावरून कित्येक हिशेबी माणसे ‘विकू नये’ असा निकाल देतात. पण हा हिशेब एकट्याचा झाला.

हे कर्ज मृत्यूबरोबर संपते. निवृत्त मनुष्य वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी वारला, तर तोवर 4,32,000 कापले गेलेले असतात आणि उरलेल्यासाठी सरकार विधवेकडे बोट दाखवीत नाही. तिचे कुटुंब निवृत्तिवेतन पतीच्या अखेरच्या वेतनावर ठरते. विकलेल्या भागाची वजावट त्यातून होत नाही. मृत्यूनंतर सात वर्षे, किंवा पतीने सदुसष्ट वर्षे पुरी केली असती तो दिवस, यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत तिला वाढीव दराने, या उदाहरणात 30,000 रुपये मिळतात. त्यानंतर साधा दर, म्हणजे अखेरच्या वेतनाच्या 30 टक्के : 18,000.

हा शेवटचा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. 40 टक्के विकल्यावर पतीच्या हाती येणारी मूळ रक्कम आणि विधवेचा साधा दर, दोन्ही 18,000 च. ज्या घराने विकले आणि त्या 18,000 वर व वाढीवर संसार बसवला, त्या घरातील स्त्रीला पुढे धक्का बसतो तो फक्त महागाईच्या वाढीत. कारण तिची वाढ 18,000 वर मोजली जाते. ज्या घराने विकले नाही, तिथे 30,000 ची सवय झालेली असते, आणि पती सदुसष्टी ओलांडून गेला तर ती एकदम 18,000 वर येते. याउलट विकून आलेले अकरा-बारा लाख मुलाच्या घरात वा मुलीच्या लग्नात घालवले, तर आधाराला ना ठेव उरते, ना मोठे निवृत्तिवेतन. तेव्हा विकावे की विकू नये यापेक्षा ती रक्कम कोणाच्या नावे राहणार, हा प्रश्न आधी सोडवावा. ती उभयतांच्या नावे, हात न लावता राहणार असेल, तर विकणे ही पत्नीसाठी एक प्रकारची विम्याची तरतूद ठरते. पती प्रकृतीने तोळामासा असेल तर अधिकच.

पतिपत्नी दोघेही नोकरीत असतील, तर एक गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. गुणकाचे कोष्टक स्त्री-पुरुषांना एकच आहे. आपल्या देशात स्त्रिया सरासरीने पुरुषांहून अधिक जगतात. म्हणजे पंधरा वर्षांची सारी कपात सोसण्याचा संभव पत्नीला जास्त. सारख्या वयाच्या जोडप्यात एकाचेच विकावयाचे असेल तर ते पतीचे विकावे, हे यातून निघते. दोघांपैकी कोणी गेले तरी मागे राहिलेल्याला स्वतःचे निवृत्तिवेतन आणि जोडीदाराबद्दलचे कुटुंब निवृत्तिवेतन, दोन्ही मिळतात.

वेळेचा प्रश्न सोपा आहे. निवृत्तीनंतर वर्षाच्या आत अर्ज केला तर वैद्यकीय तपासणी लागत नाही. पुढे लागते, आणि वाढत्या वयाबरोबर गुणकही उतरतो. घोळत बसण्याने काही साधत नाही.

2004 नंतरच्या नोकरांपैकी ज्यांनी 1 एप्रिल 2025 पासूनची एकीकृत योजना पत्करली, त्यांची गोष्ट निराळी. तिथे पतीच्या मृत्यूपूर्वी मिळत असलेल्या रकमेच्या 60 टक्के पत्नीला मिळतात. त्यामुळे आरंभीच मोठी रक्कम काढून मासिक रक्कम घटवली, की पत्नीची रक्कमही घटते. जुन्या नियमांवरून अनुमान काढणाऱ्याची तिथे फसगत व्हावयाची.

राहता राहिला कागदांचा भाग, आणि खरी आडकाठी तिथेच येते. लग्नात मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडे चाल. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सेवापुस्तकात दुसरे, बँकेत तिसरे. पती असेपर्यंत याची कोणी फिकीर करीत नाही. तो गेल्यावर ती बाई आपण तीच हे सिद्ध करीत कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते. निवृत्तिवेतनाच्या आदेशात तिचे नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे हे निवृत्तीच्याच महिन्यात पाहून घ्यावे. जन्मतारखेला आणखीही एक कारण आहे. ऐंशी वर्षे पुरी झाल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनातही 20 टक्के वाढ मिळते, पंच्याऐंशीनंतर 30, आणि शंभरी गाठली तर ते दुप्पट होते. पण वयाचा पुरावा नसेल तर ही वाढ अडून राहते. बँकेतील खातेही आरंभापासून दोघांच्या नावे असावे, म्हणजे दुःखाच्या दिवसांत नवे खाते उघडण्याची वेळ तिच्यावर येत नाही, त्याच खात्यात तिचे पैसे जमा होऊ लागतात. आणि हा सारा गठ्ठा कोणत्या कपाटात ठेवला आहे, ते तिला ठाऊक असावे.