चोणकासाठी गळ, तंगूस आणि काठी

पावसाळा सरला, खाडीचे पाणी निवळू लागले की आपल्या गावांतील बांधांवर आणि मानशींवर संध्याकाळच्या वेळी काठ्या दिसू लागतात. पूर्वी ह्या काठ्या बांबूच्या असत. आता बहुतेकांच्या हाती बाजारातला रॉड आणि रीळ असते. कुणी पणजी-मडगावच्या दुकानातून आणलेले, कुणाला आखातातून आलेल्या भावाने दिलेले. सामान महाग झाले, पण मासा हाती येण्याचे प्रमाण त्या मानाने वाढलेले दिसत नाही. तंगूस तुटतो, मासा गळासकट जातो आणि हळहळ मागे राहते. असे का होते आणि खर्च नेमका कशावर करावा, ह्याचा विचार आम्ही ह्या लेखात करीत आहोत.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे: सामान निवडताना काठीपासून सुरुवात करू नका. माशाच्या तोंडापासून सुरुवात करा आणि मागे या. आधी गळ, मग गळाजवळचा जाड तंगूस, मग मुख्य तंगूस, मग रीळ आणि सर्वांत शेवटी काठी. दुकानात नेमके उलट घडते. चकचकीत काठीवर सगळे पैसे जातात आणि गळ मात्र स्वस्तातला घेतला जातो.

मासा ओळखून सामान घ्या

गोव्यात ज्याला आपण चोणक म्हणतो, तोच रायगडकडचा जिताडा. इंग्रजीत त्याला आशियाई सी-बास आणि ऑस्ट्रेलियात बारामंडी म्हणतात. दुकानातील पुष्कळ पाकिटांवर ‘बास’ असे छापलेले असते, ते वाचून फसू नये. तो बास म्हणजे अमेरिकेतील तळ्यांतला, गोड्या पाण्यातला वेगळाच मासा. त्या माशासाठी केलेले नाजूक गळ आणि हलकी रिळे आपल्या खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात आणि चोणकाच्या ताकदीपुढे टिकत नाहीत.

चोणकाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एक, त्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी धारदार असते. दुसरी, त्याचे तोंड कानशीसारखे खरखरीत असते. गळ लागताच तो पाण्याबाहेर उडी मारून डोके झाडतो. त्या झटक्यात बारीक तंगूस कल्ल्यावर घासला की तुटलाच. पुष्कळांना वाटते की मासा फार मोठा होता म्हणून तंगूस तुटला. खरे म्हणजे तो ओढीने तुटलेला नसतो, कापला गेलेला असतो. तुटलेले टोक बोटांनी चाचपून पाहावे. ते खरवडल्यासारखे किंवा तिरपे कापलेले लागले, तर दोष कल्ल्याचा किंवा खडकाचा समजावा. टोक वळवळीत, कुरळे झालेले असेल तर गाठ सुटली असे समजावे.

गळ

गळांच्या आकड्यांचा हिशोब नवख्या माणसाला उलटा वाटतो. १० नंबरपासून १ नंबरकडे येताना गळ मोठा होत जातो. त्यानंतर आकड्यापुढे शून्य लागते, जसे १/०, २/०, ३/०. तिथून आकडा वाढेल तसा गळही वाढतो. काळुंद्रासारख्या लहान तोंडाच्या माशाला ६ किंवा ८ नंबर पुरतो. चोणकाला जिवंत सुंगट किंवा लहान शेवटो लावायचा असेल, तर ३/० ते ५/० चा जाड तारेचा गळ घ्यावा.

टोक आत वळलेला गोल गळही मिळतो. तो बहुधा माशाच्या ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात जात नाही. लहान मासा परत सोडायचा असेल तर हाच गळ बरा. मात्र तो वापरताना काठीला हिसका देऊ नये. मासा ओढू लागला की सावकाश तंगूस ताणत जावा, गळ आपोआप बसतो.

गळाची धार नखावर पाहावी. टोक हलके ठेवून ओढले असता ते नखावर अडकले पाहिजे. घसरले तर गळ बोथट झाला आहे. बारीक कानशीने धार लावावी किंवा तो टाकून द्यावा. सगळ्या सामानात गळ सर्वांत स्वस्त, म्हणून तिथे काटकसर करू नये.

तंगूस

गळाच्या मागे साधारण एक मीटर लांबीचा जाड तंगूस बांधावा. ह्यालाच लीडर म्हणतात. चोणकासाठी तो ४० ते ६० पौंडांचा, म्हणजे सुमारे १८ ते २७ किलोंचा असावा. कल्ल्याची धार आणि खडकावरच्या कालवांच्या कडा हाच तुकडा सोसतो. प्रत्येक माशानंतर त्यावरून बोट फिरवावे. खरखरीत लागला तर तेवढा भाग कापून गळ पुन्हा बांधावा.

मुख्य तंगूस दोन प्रकारचा मिळतो. साधा नायलॉनचा तंगूस ताणला जातो, म्हणून माशाचा अचानक बसणारा झटका तो सोसतो. गाठही चांगली बसते आणि किंमतही कमी. ०.४० मिलिमीटरच्या आसपासचा, ९ ते १० किलो वजन पेलणारा तंगूस खाडीकाठाला पुरेसा आहे. दुसरा विणलेला तंगूस, म्हणजे ब्रेड. तो तेवढ्याच ताकदीला पुष्कळ बारीक असतो आणि ताणला जात नाही. म्हणून माशाने नुसते तोंड लावले तरी हाताला कळते. पण तो घासला की लवकर तुटतो आणि भरल्या ओढीत बोट कापतो. तो कधीही हाताला गुंडाळून ओढू नये. नव्याने शिकणाऱ्याने साध्या नायलॉनपासून सुरुवात करावी, असे आमचे मत आहे. नायलॉन उन्हाने कमजोर होतो. रीळ माडाखाली किंवा गाडीच्या टपावर ठेवून देऊ नये आणि वर्षाकाठी तंगूस बदलावा.

गाठ अशी बांधावी: तंगूस गळाच्या डोळ्यातून घालावा आणि त्याच तंगुसाभोवती पाच वेढे द्यावेत. टोक डोळ्याजवळच्या लहान फाशातून आणावे, मग नव्याने तयार झालेल्या मोठ्या फाशातून काढावे. थुंकीने ओले करून सावकाश ओढावे. कोरडी गाठ आवळली तर घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. जाड लीडरला तीन-चार वेढे पुरतात.

रीळ आणि काठी

नवख्याला ज्याचे चाक स्थिर राहते आणि वरची तार फिरून तंगूस गुंडाळते, ते साधे स्पिनिंग रीळ सोयीचे. ४००० च्या मापाचे, निदान १५० मीटर तंगूस मावणारे घ्यावे. खोक्यावर किती बेअरिंग लिहिली आहेत ह्यावर जाऊ नये. दोन गोष्टी पाहाव्यात: मूठ फिरवताना खडखड होता कामा नये, आणि ब्रेक, ज्याला ड्रॅग म्हणतात, तो धक्के न देता एकसारखा सुटला पाहिजे.

ड्रॅग किती आवळावा? तंगूस जितके वजन पेलतो, त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतका. ९ किलोच्या तंगुसाला सव्वादोन ते तीन किलो. घरातला स्प्रिंगचा काटा तंगुसाच्या टोकाला अडकवून ओढावा. काटा तेवढ्यावर आल्यावर रीळ सुटू लागले पाहिजे. पुष्कळ चांगले मासे जातात ते ड्रॅग घट्ट आवळून ठेवल्यामुळे. माशाला धावू द्यावे, तो दमला की यावे.

काठी सात फुटांची, मध्यम-जड, फायबर ग्लासची घ्यावी. कार्बनची काठी हलकी आणि तरतरीत असते, पण आपटली की तडकते आणि किंमतही जास्त. बांधावर, होडीत, स्कूटरवर वागवायला फायबर ग्लास सोसतो. विकत घेण्यापूर्वी काठीच्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा ओढून पाहावा. कापसाचे तंतू अडकले तर कडीला चीर आहे, आणि ती चीर तुमचा नवा तंगूस दोन दिवसांत कापील.

मुलांसाठी मात्र बांबूची काठी, दोन वाव तंगूस, बुचाचा तुकडा आणि लहान गळ हेच उत्तम. काळुंद्र आणि लहान मासे त्यावर मजेत लागतात.

घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवावे. नळाची जोरदार धार मारू नये, तिने मीठ आत जाते. धुताना ड्रॅग आवळावा, पुसून झाल्यावर सैल करून ठेवावा.

प्रकृतीची काळजी

१. शिसे. गळाला लावायची शिशाची वजने पुष्कळजण दातांनी दाबून बसवतात. असे कधीही करू नये. शिसे हे विष आहे, ते शरीरात साठत जाते. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. स्वयंपाकघरात चुलीवर शिसे वितळवून वजने ओतणे तर अगदीच टाळावे. जुने लोखंडी नट किंवा भोकाचा दगड तेच काम करतात. शिसे हाताळले असेल तर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ नये.

२. गळ रुतणे. काटेरी टोक आत गेले असेल तर मागे ओढू नये, मांस फाटते. तंगूस कापून, गळ हलणार नाही असे बांधून दवाखान्यात जावे. डोळ्याला लागले तर गळाला हात न लावता वरून वाटीसारखे झाकण ठेवून थेट इस्पितळ गाठावे. धनुर्वाताचे इंजेक्शन किती वर्षांपूर्वी घेतले ते डॉक्टरांना सांगावे. गळ फेकण्यापूर्वी पाठीमागे कुणी मूल नाही ना, हे पाहण्याची सवय लावावी.

३. खाऱ्या पाण्यातील जखम. कल्ल्याने कापलेली किंवा कालवांवर खरचटलेली जखम लगेच स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवावी. मधुमेह किंवा यकृताचा विकार असलेल्यांनी अशी जखम हलकी समजू नये. ती झपाट्याने चिघळू शकते. सूज किंवा ताप येताच डॉक्टरांकडे जावे. पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात अनवाणी उतरणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो.

४. वीज. शेतांवरून विजेच्या तारा गेलेल्या असतात. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, आणि कोणतीही ओली काठी धोक्याचीच. तारांखाली काठी उभी धरू नये. ढग गडगडू लागले की काठी खाली ठेवून पक्क्या छपराखाली जावे. मासा उद्याही मिळेल.

खाजनाचे भान

आपली खाजने बांध आणि मानशीवर उभी आहेत. ओहोटीला मानशीची दारे उघडून आतले पाणी बाहेर जाते, त्याबरोबर सुंगटे आणि लहान मासे येतात, आणि त्यांची वाट पाहत चोणक तोंडाशी उभा असतो. म्हणूनच ती जागा गळाला उत्तम. पण मानशीवरील मासेमारीचा हक्क बहुधा लिलावाने दिलेला असतो. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नये. बांधाचा चिखल उकरून किडे काढू नयेत. एका भोकातून खारे पाणी शिरले तर शेजाऱ्याचे भात जाते. चोडणच्या सलीम अली पक्षी अभयारण्याच्या हद्दीतही गळ नको.

तुटलेला तंगूस जागेवर टाकू नये. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. बगळ्यांचे पाय त्यात अडकतात, चरणारी गुरे गवताबरोबर तो गिळतात. खिशात घालून घरी आणावा, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावा.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. चोणक आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर त्याची मादी होते. म्हणजे खाडीतले सर्वांत मोठे चोणक बहुतेक अंडी देणाऱ्या माद्या असतात. ह्याच कारणाने ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि १२० सेंटिमीटरपेक्षा मोठा बारामंडी ठेवता येत नाही. अगदी लहान आणि फार मोठा मासा आपणही सोडावा, मधला घरी न्यावा. मधल्या माशाचे मांस चवीलाही सरस असते.

जाळ्यांच्या गोष्टी शुभवर्तमानात पुष्कळ आहेत. गळाची मात्र एकच, मत्तयच्या सतराव्या अध्यायात. प्रभू येशू पेत्राला सरोवरावर गळ टाकायला पाठवतो, आणि पहिल्याच माशाच्या तोंडात मंदिराच्या करापुरते नाणे सापडते. ते नाणे दोघांपुरते होते, अधिक नव्हते. गळाने मासे धरणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. घरच्यांपुरता मासा मिळाला की काठी गुंडाळावी, तंगुसाचा तुकडा खिशात घालावा आणि अंधार पडण्यापूर्वी बांधावरून सावकाश घरी यावे.