डब्ल्यूला म्हणा ‘ला’!

अमेरिकेतली चेरोकी ही मूळनिवासी जमात म्हटलं की डोळ्यांपुढे येतात पिसांचे लांबलचक मुकुट आणि कातड्याचे त्रिकोणी तंबू. दोन्ही चेरोकींचे नव्हेतच! ते दूरच्या मैदानी जमातींचे. चेरोकी राहायचे डोंगरांत, कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या घरांत. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात ‘ओकोनालुफ्टी इंडियन व्हिलेज’मध्ये 1760च्या दशकातल्यासारखं गाव 1952पासून उभं आहे.

तिथली फुंकनळी जवळून बघा. नदीकाठच्या बांबूची सरळसोट नळी, आत लाकडी काडीचा बाण आणि बाणाच्या शेपटाला एका काटेरी रोपाचे, रुईच्या म्हातारीसारखे मऊ तंतू गुंडाळलेले. त्यांनी नळी गच्च भरते, म्हणून फुंकर वाया जात नाही. याच बांबूच्या पट्ट्यांची दुहेरी टोपली विणतात. आतली आणि बाहेरची टोपली सलग, मध्ये जोड नाही! तपकिरी रंग अक्रोडाच्या झाडापासून येतो. विकत घ्यायचीच तर 1946पासून चाललेल्या ‘क्वाला आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ या कारागिरांच्या सहकारी संस्थेतून घ्या.

पण खरी गंमत लिपीची. सिक्वोया या चेरोकी माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तरीही 1821 साली त्यानं आपल्या भाषेची लिपी पुरी केली. पहिली विद्यार्थिनी त्याची लेक, आयोका. आज या लिपीत 85 अक्षरं आहेत आणि आपल्यासारखंच एकेक अक्षर म्हणजे अख्खा उच्चार. फक्त आपली बाराखडी तिथे चालत नाही. ‘का’ आणि ‘कि’ यांच्या चिन्हांत काही नातं नसतं. काही अक्षरं दिसतात इंग्रजी, पण बोलतात चेरोकी: डीसारखं दिसतं ते ‘आ’, एचसारखं ते ‘मि’ आणि डब्ल्यूसारखं चक्क ‘ला’!

लिपी आली आणि सात वर्षांत वर्तमानपत्रही आलं. 21 फेब्रुवारी 1828 रोजी जॉर्जियातल्या न्यू एकोटा इथे ‘चेरोकी फिनिक्स’ निघालं, इंग्रजी आणि चेरोकी अशा दोन भाषांत. बाळशास्त्री जांभेकरांचं इंग्रजी-मराठी ‘दर्पण’ निघालं 1832 साली, म्हणजे आपल्या चार वर्षं आधी त्यांनी बाजी मारली होती. 1835मध्ये जॉर्जियाच्या शिपायांनी चेरोकींचा छापखाना जप्त केला. पुढे 1954च्या उत्खननात त्याच मातीतून छपाईचे शिशाचे खिळे वर आले. अटलांटात कुणी नातेवाईक असतील तर न्यू एकोटा तिथून दीडेक तासावर आहे. मॉलची एक फेरी चुकवा, पण हे चुकवू नका.

छापखान्यापाठोपाठ माणसांवर वेळ आली. 1838-39मध्ये सुमारे 16,000 चेरोकींना घरादारातून उठवून पश्चिमेला हाकललं. त्यात सुमारे 4,000 दगावले. वाचलेल्यांनी आजच्या ओक्लाहोमात टालेक्वा ही राजधानी वसवली आणि 1844मध्ये पुन्हा वर्तमानपत्र सुरू केलं! त्याच साली बांधलेल्या त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाच्या इमारतीत आता संग्रहालय आहे, आणि गावातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर आजही सिक्वोयाची अक्षरं आहेत.

इकडे ओकोनालुफ्टीजवळ, सप्टेंबर 2024मध्ये स्मोकी पर्वतातल्या 6,643 फूट उंच ‘क्लिंगमन्स डोम’ला ‘कुवोही’, म्हणजे तुतीची जागा, हे मूळ चेरोकी नाव अधिकृतपणे परत मिळालं. जाणार असाल तर बेत तिथल्या उन्हाळ्याचा आखा, ओकोनालुफ्टीचं गाव हिवाळ्यात बंद असतं. भेटल्यावर म्हणायचं ‘ओसियो’, आणि निघताना ‘वाडो’, म्हणजे आभार.