पेशीचे द्वार, पेशीची ऊर्जा आणि वृश्चिकदंश

मृगाच्या सरी पडून जमीन वाफसू लागली की रेणापूर परिसरात विंचूदंशाचे रुग्ण वाढतात, हा आम्हा येथील चिकित्सकांचा दरवर्षीचा अनुभव आहे. कडब्याची गंजी, गोवऱ्यांचा उडवा, बांधावरचे दगड, पेरणीसाठी काढलेली जुनी पोती, ही विंचवाची नेहमीची ठिकाणे. रात्री-अपरात्री असा रुग्ण प्रथम येतो तो गावातील वैद्याकडे किंवा उघड्या असलेल्या औषधी दुकानात. म्हणूनच पेशीच्या आवरणाचा काहीसा रुक्ष वाटणारा विषय आम्ही या दंशाच्या निमित्ताने मांडत आहोत. लाल विंचवाचे विष जे काही करते, ते बहुतांशी या आवरणावरच करते.

आपल्या आचार्यांनी वृश्चिकविषाचा विचार बारकाईने केला आहे. सुश्रुतांनी कल्पस्थानात मंदविष, मध्यविष व महाविष असे तीन वर्ग सांगितले. हे विष आरंभी अग्नीसारखे जाळते, वेगाने वर चढते आणि मागाहून दंशस्थानी स्थिरावते, असे चरकांचे निरीक्षण आहे. सर्व विंचू सारखे नाहीत, ही गोष्ट आजही तितकीच खरी आहे. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, तिचा ठणकाही असह्य. परंतु प्राणावर बेतते ते बहुधा आकाराने लहान असलेल्या लाल विंचवामुळे.

आता पेशीकडे वळू. पेशीचे आवरण हे स्निग्ध द्रव्याचे दुपदरी पटल असून त्याची जाडी एका मिलिमीटरचा सुमारे सव्वालाखावा भाग इतकीच असते. प्राणवायू व कर्बवायू त्यातून सहज ये-जा करतात. पाण्यासाठी वेगळे मार्ग आहेत. सोडियम, पोटॅशियम यांसारख्या विद्युत्भारित कणांना मात्र हे पटल ओलांडता येत नाही. त्यांच्यासाठी प्रथिनांची बनलेली द्वारे आणि पंप पटलात बसवलेले असतात. पेशीबाहेरील द्रवात सोडियमचे प्रमाण दर लिटरला सुमारे 140 मिलिमोल, आत जेमतेम 10 ते 15. पोटॅशियमचे नेमके उलट, आत 140 च्या आसपास आणि बाहेर 4 ते 5. हा फरक आपोआप राहत नाही, तो सतत राखावा लागतो.

विहिरीवरील मोटार टाकीत पाणी चढवते. ते उंचावर साठले म्हणून कॉक उघडताच वेगाने खाली येते. पेशीतील मोटार म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. तो दर फेऱ्यास तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा एक रेणू खर्च करतो. डेन्मार्कमधील जेन्स स्कोऊ यांनी 1957 साली खेकड्याच्या पायातील मज्जातंतूंवर काम करताना या पंपाचा शोध लावला. त्यासाठी त्यांना 1997 च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. विश्रांतीतही शरीराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या एका कामी लागतो, आणि मेंदूत तर हा खर्च इतर सर्व खर्चांहून मोठा असतो.

मोटारीला वीज हवी, पंपाला एटीपी. स्नायूंतील या रेणूचा शोध 1929 साली लागला. तो लावणाऱ्यांत हार्वर्ड येथील सायरस फिस्के यांच्यासोबत येल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय संशोधक होते. अमेरिकेस जाण्यापूर्वी हेच सुब्बाराव मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचना शिकवत होते, ही गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. एटीपी तयार होते मुख्यतः पेशीतील मायटोकाँड्रियात. तेथेही तत्त्व टाकीचेच आहे. अन्नाच्या ज्वलनातून मिळालेल्या शक्तीने हायड्रोजनचे धनभारित कण आतील पटलाच्या एका बाजूस साठवले जातात. ते परत येताना एक सूक्ष्म चक्र फिरवतात आणि त्या फिरण्यातून एटीपी घडते. पीटर मिचेल यांनी 1961 साली ही कल्पना मांडली, तेव्हा ती अनेकांना पटली नव्हती. 1978 साली त्यांना तिच्यासाठीच नोबेल मिळाले. शरीरात एका वेळी असलेले एटीपी फार थोडे, काही तोळ्यांच्या हिशेबातले. पण ते पुनःपुन्हा घडत राहते आणि दिवसभरातील एकूण उलाढाल शरीराच्या वजनाच्या घरात जाते. याला जाठराग्नीच्या पुढचा धात्वग्नी म्हणावे काय, यावर मतभेद होऊ शकतील. आमच्या मते तुलना समजून घेण्यापुरती ठीक आहे, सिद्धांत म्हणून ती ताणू नये.

मज्जातंतूत संदेश जातो तो सोडियमची द्वारे उघडल्याने. सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढ्या अवधीत द्वार उघडते, सोडियम आत धावते आणि द्वार स्वतःहून मिटते. मग पोटॅशियमची द्वारे उघडून तंतू पूर्ववत होतो. लाल विंचवाच्या विषातील प्रथिने सोडियमचे द्वार मिटू देत नाहीत. याच विषातील इबेरिओटॉक्सिन नावाचे दुसरे प्रथिन पोटॅशियमच्या एका प्रकारच्या द्वारात बसून ते बंद करते. एका बाजूने उघडलेले मिटत नाही, दुसऱ्या बाजूने सावरण्याचा मार्ग अडतो. येथे टाकीची उपमा अपुरी पडते. टाकी रिकामी झाली म्हणून रुग्ण दगावत नाही. तंतू थांबायचे विसरतो आणि त्याच्या टोकांतून व अधिवृक्क ग्रंथीतून अ‍ॅड्रिनलीन व नॉरअ‍ॅड्रिनलीन यांचा लोट सुटतो, हे संकटाचे खरे कारण आहे.

या लोटाने रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो. हृदयाला आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलावे लागते. त्याच वेळी इन्शुलिनचे स्रवण दबते, त्यामुळे साखर असूनही हृदयाच्या पेशींना ती नीट वापरता येत नाही. मागणी वाढते आणि पुरवठा आटतो. मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी या ऊर्जेच्या अंगाचा अभ्यास करून इन्शुलिन व ग्लुकोज देण्याचा मार्ग सुचवला होता. थकलेले हृदय मागे पडले की फुप्फुसात पाणी भरते. रुग्ण उठून बसतो, खोकतो, तोंडास फेस येतो.

या रोगाचे चित्र महाराष्ट्रातच स्पष्ट झाले, आणि ते करणारे मराठवाड्याचेच सुपुत्र आहेत. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे डॉ. हिंमतराव बावस्कर रायगड जिल्ह्यात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा विंचूदंशाने लहान मुले दगावताना त्यांनी पाहिली. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी टिपलेली पूर्वलक्षणे 1982 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आली. वांती, भरपूर घाम, हातपाय गार पडणे आणि पुरुष रुग्णांत शिश्नाचा ताठरपणा, ही ती लक्षणे. पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचे स्वस्त औषध त्यांनी वापरले व 1986 साली त्याविषयी लिहिले. हे औषध विषाला मारत नाही. रक्तवाहिनीच्या पेशीवर नॉरअ‍ॅड्रिनलीन ज्या आल्फा ग्राहकावर बसते, ती जागा ते आधी अडवते. वाहिन्या सैलावतात आणि हृदयाचा भार उतरतो. एरवी फुप्फुसात पाणी भरलेल्या रुग्णांतील मोठा भाग दगावत असे, ते प्रमाण त्यानंतर अगदी थोड्यावर आले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

मुंबईच्या हाफकिन महामंडळाने विंचवाच्या विषावरील प्रतिविष उपलब्ध केल्यावर महाड येथेच 70 रुग्णांवर तुलना झाली. तिचे निष्कर्ष 2011 साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ प्राझोसिन दिलेल्यांना बरे होण्यास सरासरी 17.7 तास लागले. प्रतिविषाची जोड दिलेल्यांना 8 तास पुरले. प्रतिविष रक्तात फिरणारे विष बांधते. जे विष आधीच द्वारावर बसले आहे, त्याच्याबाबतीत त्याचा उपयोग कमी. उशीर महाग पडतो तो यामुळे.

आता आपल्या दवाखान्यातील अडचण. दंशस्थानी लेप लावला, बर्फ ठेवला किंवा बधिरीकरणाची सुई दिली की ठणका उतरतो. सोबतची आजी विचारते, "डाक्टरसाहेब, ठणका उतरला की, न्यावं का पोराला घरी?" ठणका उतरणे हे सुटकेचे चिन्ह नाही. उलट, ज्या दंशात फक्त तीव्र वेदना असते आणि बाकी काही नसते तो बहुधा सौम्य निघतो; ज्यात विष अंगात भिनते त्यात वेदना पुष्कळदा थोडीच असते. म्हणून दंशस्थान पाहण्यापूर्वी हातापायांना स्पर्श करावा, कपाळावरचा घाम पाहावा, किती वेळा वांती झाली ते विचारावे. लक्षण एखादेच असले तरी मूल गारठलेले असेल, तर ग्रामीण रुग्णालयात किंवा लातूरला हलवण्यास वेळ लावू नये. लक्षण नसले तरी मुलाला काही तास नजरेखाली ठेवावे.

दंशाच्या जागी चिरा देणे, आवळून बांधणे याने काही साधत नाही. अ‍ॅट्रोपीन व स्टिरॉइड यांची सुई सवयीने दिली जाते. अ‍ॅट्रोपीनने तर हृदयाची गती आणखी वाढते. आपल्या शास्त्राच्या औषधांबाबतही एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. वत्सनाभातील अ‍ॅकोनिटीन हेही सोडियमचे द्वार मिटू न देणारेच द्रव्य आहे. शोधनाने त्याची तीव्रता पुष्कळ उतरते हे खरे; तरीही वत्सनाभयुक्त कल्प अशा रुग्णास 'वेदनेसाठी' म्हणून देणे आम्हाला मान्य नाही. मूल शुद्धीवर असेल व वांती आटोक्यात असेल तर मीठ-साखरेचे पाणी थोडे थोडे पाजावे. आतड्याच्या पेशीत साखर व सोडियम एकाच वाहकाने आत जातात व त्यांच्यामागे पाणी जाते. घामाने व वांतीने आटलेल्या रुग्णाला प्राझोसिन दिल्यास रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणूनही या पाण्याचे मोल आहे. त्याच कारणाने औषध घेतल्यावर रुग्णास आडवेच ठेवावे, उचलून उभे करू नये.

औषधी दुकानदार बंधूंसाठी एक व्यावहारिक सूचना आहे. प्राझोसिनची हळूहळू विरघळणारी, दीर्घकाळ काम करणारी गोळी रक्तदाबासाठी सर्रास मिळते. या प्रसंगी ती उपयोगाची नाही, आणि ती फोडून देणेही योग्य नाही. साधी गोळी बाजारात तुलनेने कमी खपते, त्यामुळे तालुक्याच्या ठिकाणी ती ठेवलीच जात नाही. मृग लागण्यापूर्वी आपापल्या दुकानात साध्या गोळ्यांच्या दोन-चार पट्ट्या आहेत का, त्यांची मुदत काय, हे पाहून ठेवावे. मात्रा रुग्णाच्या वजनावरून उपचार करणारे डॉक्टरच ठरवतील. तालुक्यातील कोणत्या रुग्णालयात प्रतिविषाच्या कुप्या शिल्लक आहेत, याची चौकशीही मे महिन्यातच करून तो दूरध्वनी क्रमांक काउंटरवर लावून ठेवावा.