पंचवीस मिनिटांचा रियाज

"काय गं, रात्री मांजर कोंडलं होतं का तुमच्या रूममध्ये?" हॉस्टेलच्या मावशींनी हे विचारलं तेव्हा मी सेकंड इयरला होते, आणि ते मांजर म्हणजे माझं व्हायोलिन होतं!

मित्र-मैत्रिणींनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडल्या तर सांभाळून घ्या. हे व्हायोलिन माझ्या आजोबांचं. ते पेणला असतात. तरुणपणी त्यांनी शिकायला सुरुवात केली, मग नोकरी लागली आणि व्हायोलिन कपाटावर गेलं ते गेलंच. "वेळच मिळाला नाही गं," असं म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. मला धडकीच भरली. लेक्चर, प्रॅक्टिकल, जर्नल, सबमिशन... वेळ मला तरी कुठे होता? म्हणजे ते आता माझ्या कपाटावर जाणार का?

सुरुवातीला मी सगळे करतात तीच चूक केली. आठवडाभर हात लावायचा नाही आणि रविवारी सलग चार तास. दुसऱ्या तासापासून मनगट दुखायचं, चौथ्या तासाला रूममेटचं डोकं. तेच गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं, चुकायचं त्याच जागी चुकायचं आणि पुढे जायचं. पुढच्या रविवारी पुन्हा तीच चूक, फक्त आता जास्त पक्की झालेली. शेवटी वैतागून दोन महिने सोडून दिलं.

मग मी डोकं चालवलं. आपण इंजिनीअरिंगचे ना? आधी प्रॉब्लेम कुठे आहे ते शोधू.

गिटारला पट्ट्या असतात, व्हायोलिनला नसतात. वाजणारी तार साधारण ३३ सेंटिमीटर लांब. दोन लगतच्या स्वरांमधलं, म्हणजे सा आणि कोमल रे यांमधलं अंतर १०० सेंट धरलं, तर सुरुवातीच्या स्वरांवर बोट एक मिलिमीटर सरकलं की सूर सुमारे ५ सेंट हलतो. तारेच्या मध्यावर, म्हणजे वरच्या सप्तकात, त्याच एका मिलिमीटरने सुमारे १० सेंट! बोटाला मिलिमीटर दिसत नाही. तो फक्त कानाला कळतो. म्हणून व्हायोलिनचा रियाज हा आधी कानाचा रियाज आहे.

आता उजवा हात. गज तारेवरून नुसता घसरत नाही. राळ लावलेले घोड्याचे केस तारेला धरतात, ओढतात, तार सुटते, पुन्हा धरली जाते. ४४० हर्ट्झच्या स्वराला हे सेकंदाला ४४० वेळा होतं. गजाचा दाब, वेग आणि घोडीपासूनचं अंतर या तिघांचं गणित बिघडलं की मांजर ओरडतं. या गणितावर १९१८ साली कोणी प्रबंध लिहिला माहीत आहे? आपल्या सी. व्ही. रामन यांनी! १९०७ ते १९१७ अशी दहा वर्षं ते सरकारच्या अर्थखात्यात नोकरी करत होते, आणि कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत ऑफिसच्या आधी आणि नंतर जायचे. तारांवरचं त्यांचं बरंचसं काम त्याच काळातलं. हे वाचल्यावर "मला वेळ नाही" म्हणायची जरा लाजच वाटली.

आता माझा पंचवीस मिनिटांचा हिशेब सांगते.

पहिली पाच मिनिटं मोबाईलवर तानपुरा लावून मोकळी तार. एक गज या टोकापासून त्या टोकापर्यंत, हळू, आवाज मध्ये न तुटता.

पुढची पाच मिनिटं आरोह-अवरोह. प्रत्येक स्वर आधी गुणगुणायचा, मग वाजवायचा. हे माझं डोकं नाही, आपल्याकडची जुनी वाट आहे. पं. गजाननराव जोशी (१९११-१९८७) गायकही होते आणि व्हायोलिनवादकही. पं. डी. के. दातारांचं वादन गायकी अंगाचं. प्रभाकर जोगांच्या कार्यक्रमाचं नावच 'गाणारे व्हायोलिन' होतं. गळ्यात सूर नसेल तर बोटात कुठून येणार?

मग दहा मिनिटं फक्त अडलेली जागा. पूर्ण गाणं नाही! चार-पाच स्वरांचा तुकडा, निम्म्या वेगात. लागोपाठ तीनदा बरोबर आला की मगच वेग थोडा वाढवायचा. चुकला तर बोट चुकलं की गज, ते ठरवायचं. प्रोग्राम चालत नसेल तर आपण तो पुन्हा पुन्हा रन करत बसतो का? चुकीची ओळ शोधतो ना, तसंच.

शेवटची पाच मिनिटं मजा. जे आवडेल ते, न थांबता. नाहीतर उद्या पेटी उघडायची इच्छा होत नाही.

पेटी मिटण्याआधी वहीत एक ओळ लिहिते, 'उद्या इथून'. त्यामुळे दुसऱ्या दिवशी काय वाजवू यात वेळ जात नाही. शनिवारी मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकते. वाजवताना जे गोड वाटतं ते ऐकताना कसं लागतं, हा अनुभव प्रत्येकाने एकदा घ्यावा!

हॉस्टेलवाल्यांसाठी दोन गोष्टी. घोडीवर लावायचा रबरी म्यूट घ्या, मैत्री टिकते. आणि पनवेलचा पाऊस सांभाळा. दमट हवेत लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, त्या जोर लावून फिरवू नका. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि वाजवून झालं की गजाचा स्क्रू सैल करा. परीक्षेशिवाय अभ्यास होत नसेल (आपला स्वभावच तो!) तर १९३१ साली स्थापन झालेलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आपल्याच हार्बर लाईनवर, वाशीला आहे. त्यांच्या परीक्षा 'प्रारंभिक'पासून सुरू होतात.

उशीर झालाय का, हा प्रश्न मलाही छळतो. १९९३ साली एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास छापला. त्यातल्या सर्वांत चांगल्या गटाने विसाव्या वर्षापर्यंत सरासरी दहा हजार तासांच्या आसपास रियाज केला होता. मी वीस वर्षांची आहे आणि माझे तास भरतात जेमतेम साठ. पण त्याच लेखात हेही आहे की तेसुद्धा एका बैठकीला सुमारे ऐंशी मिनिटंच बसत, मग विश्रांती घेत. सलग चार तास तर तेही करत नव्हते! मला बर्लिनला जायचं नाही. मला पेणला जायचंय.

गेल्या महिन्यात आजोबांना रेकॉर्डिंग पाठवलं. संध्याकाळी फोन आला. "सूर लागलाय. गज घाई करतोय." थोडं थांबून म्हणाले, "दिवाळीत येशील तेव्हा घेऊन ये. मीपण बघतो, हात चालतो का."

वहीत लिहिलंय : उद्या इथून, गज हळू.